सिस्टर मेतोदा एकटी कुठं जात नाही

सिस्टर मेतोदाचा दात दुखायला लागला की आमच्या ड्रायफोर्ड गावात पहिला फोन मला यायचा. दंतवैद्याला नंतर.

दात तिचा, पण तिला दवाखान्यात एकटीनं जायचं नसायचं. घाबरायची म्हणून नव्हे. जिनं साठ-पासष्ट पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प केला, ती दाताच्या चिमट्याला काय भिणार? कारण वेगळंच होतं. तिच्या जोगिणींच्या संघाचा जुना नियम असा, की सिस्टरनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर दुसरी सिस्टर सोबत हवी. मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीतून सिस्टरा जायच्या त्या कायम जोडीनं, लांब काळ्या झग्यात, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या. एकटी सिस्टर दिसली असती तर आम्ही पोरांनी धावत घरी जाऊन सांगितलं असतं की गावात काहीतरी आक्रीत घडलंय.

तेव्हा नियम पाळणं सोपं होतं. सेंट एमेरिकच्या शाळेशेजारी सिस्टरांचं घर होतं, ते भरलेलं असायचं. पण मी सांगतेय ती गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. तोवर त्या घरात एकच उरली होती, मेतोदा. काहीजणी वारल्या, काहींना मुख्य मठानं दुसऱ्या गावी धाडलं. एकीनं झगा उतरवून इस्पितळात नोकरी धरली, आणि एकीनं तर बुटांच्या दुकानदाराशी लग्न केलं. "बूट तरी चांगले विकतो," एवढंच मेतोदा म्हणाली आणि तो विषय कायमचा मिटला. नव्या मुली येतील म्हणावं तर कुठली मुलगी येतेय? त्यांना पॅन्ट घालून गाड्या चालवायच्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. मलाही चालवायचीच होती, पण मला त्यासाठी नवरा जाईपर्यंत थांबावं लागलं.

मग रोममध्ये पोपनं सगळ्या बिशपांची ती मोठी बैठक घेतली, वारं फिरलं. मुख्य मठानंही कळवलं की सिस्टरांनी हवं तर आखूड झगा घालावा, डोक्यावरचं वस्त्र लहान करावं, एकटीनं फिरावं. मला केवढा आनंद झाला! मी धावतच गेले.

"सिस्टर, आता तुम्हाला एकटीनं जायची मुभा आहे म्हणे."

"मुभा आहे," मेतोदा म्हणाली. "हुकूम नाही."

मी म्हटलं, अहो पण मी सिस्टर नाही. मला चार मुलं आहेत, आणि नवऱ्याला मी माझ्या हातानं पुरलंय. ती म्हणाली, तू माझ्या हाताखाली शिकलीस, तेवढं बस्स. आता शिकले म्हणजे काय शिकले? सहावीपर्यंत. सहावीनंतर मी रेशमाच्या गिरणीत धागे जोडायला लागले. पण मेतोदाच्या हिशेबात तिच्या बाकावर एकदा बसलेला माणूस मरेपर्यंत तिच्या वर्गातून सुटत नसे.

तर अशी मी, झुझाना ओंद्रुश, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी सिस्टर मेतोदाची सोबतीण झाले. दर गुरुवारी आम्ही बायका शाळेच्या तळघरात चर्चसाठी करंज्यांसारख्या पिरोही वळायचो, बटाटा भरून. माझे हात कोपरापर्यंत पिठात, आणि वरून निरोप यायचा, झुझाना, कोट घाल. कोट घालायचा, माझी जुनी प्लायमाऊथ गाडी काढायची, आणि निघायचं. कधी चष्म्याच्या दुकानात, कधी कुणाच्या मयताला. सगळ्यात वाईट म्हणजे कुणाच्या घरी आईबापांना रागवायला. ती आत पोराच्या बापाला झापणार, आणि मी पोराच्या आईसमोर बसून केक खाणार. त्या बायका माझ्या ओळखीच्या, रोज चर्चमध्ये भेटणाऱ्या. मी बशीकडेच बघायचे. केक मात्र संपवायला लागायचा, नाहीतर आणखी अपमान.

तिच्या खिशात लाकडाची एक टिकटिकी असायची. पुस्तकासारखी उघडमीट करायची, की टक्क आवाज. चर्चमध्ये तिच्या एका टक्कवर सगळा वर्ग गुडघ्यावर बसायचा, दुसऱ्या टक्कवर उठायचा. दंतवैद्याकडेही तिनं ती काढली. तोंड उघडं, बोलता येईना, म्हणून टक्क. बिचारा डॉक्टर आमच्याच शाळेचा. हातातलं यंत्र ठेवून चक्क उभा राहिला.

ही बाई आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. मी तेव्हा दुसरीत. बिशप लोकांनी फार पूर्वी बाल्टिमोरला बसून ठरवलं होतं की जिथं चर्च तिथं शाळा हवीच. आणि आमच्याकडे जितक्या देशांतून माणसं आली तितकी चर्चं. खाली खाणीपाशी आम्ही स्लोवाक, वर टेकडीवर आयरिश, पलीकडे पोलिश आणि जर्मन. एवढंसं गाव, पण सगळ्यांच्या शाळा वेगळ्या. सरकारी शाळेतली मास्तरीण आमची आडनावं कांदा चिरावा तशी चिरायची आणि आमच्या डब्यातल्या लसणाला नाक मुरडायची. म्हणून आमच्या बापांनी खाणीतली पाळी संपवून, काळ्या तोंडानंच, शाळेचा पाया खणला. शाळा उभी राहिली, पण शिकवणार कोण? मठातून पोरीच धाडल्या. मेतोदानं शिक्षकीचा एक धडासुद्धा घेतला नव्हता. सोमवारी आली आणि मंगळवारी आमच्यापुढं उभी राहिली. स्वतः शिकायची ती उन्हाळ्यात. शाळा सुटली की सिस्टरांच्या कॉलेजात दोन महिने, परत आली की वर्ग. असे किती उन्हाळे गेले असतील! पदवी मिळाली तेव्हा माझी थोरली तिच्या वर्गात होती. आईला आणि लेकीला शिकवून झालं, मग बाई पदवीधर झाली. आताची पोरं बाविसाव्या वर्षी पदवी घेतात आणि थकलो म्हणतात.

असो. दंतवैद्याकडचंच सांगत होते. त्याच दवाखान्यात मला नोरा टिअर्नी भेटली.

नोरा टेकडीवरची आयरिश. माझ्यासारखीच विधवा. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून विणत होती, आणि चेहरा असा की सुया कुणाच्या डोळ्यात खुपसाव्यात या विचारात असावी. मी विचारलं, दात दुखतोय का? ती म्हणाली, माझा नाही, आतल्या सिस्टरचा. मी म्हटलं, माझ्या सिस्टरचा नंबर यानंतर. नोरानं सुया खाली ठेवल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना.

टेकडीवर सेंट ब्रेंडनच्या शाळेतही एकच सिस्टर उरली होती. सिस्टर कोलंबा. संघ वेगळा, झग्याची गळपट्टी वेगळी, बाकी सगळं तेच. एकटीनं बाहेर पडायचं नाही. मुभा आहे, हुकूम नाही. नोरा म्हणाली, "सुझी, मी एकदा म्हातारीला सांगितलं, मला गुडघेदुखी आहे. तर म्हणते, चल मग, तुझा गुडघाही दाखवून येऊ." मला सुझी म्हणणारी नोरा जगात पहिली. मी चालवून घेतलं. दुःखातल्या बाईला कुठं टोकायचं?

आता कुणीही म्हणेल, दोन एकट्या सिस्टरा, एकाच गावात, दोघींनाही सोबत हवी. मग प्रश्न कुठं आहे? प्रश्न होता पुलावर. खूप वर्षांपूर्वी, मंदीच्या दिवसांत, मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही शाळांच्या मिरवणुका एकाच वेळी निघाल्या. फुलांचा मुकुट घातलेली आमची मारियामातेची मूर्ती खालून, त्यांची मूर्ती वरून, आणि मधे नदीवरचा अरुंद पूल. आमच्या पुढं मेतोदा, त्यांच्या पुढं कोलंबा. कोण मागं सरणार? कुणीच नाही. दोन्हीकडची पांढऱ्या कपड्यातली पोरं गाणी म्हणून म्हणून घसे बसवून घेत होती. शेवटी खाणीचा भोंगा झाला आणि पुरुषांच्या पाळीला रस्ता द्यायला दोघींना एकदमच मागं फिरावं लागलं. तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. मयताला समोरासमोर आल्या तरी प्रेताकडे बघायच्या.

आणि मला नोरा भेटली नेमक्या त्याच वसंतात बिशपांच्या शिक्षण कचेरीनं हुकूम काढला, की खालची शाळा आणि वरची शाळा पुढच्या सप्टेंबरपासून एक. सिस्टरा उरल्या नाहीत, दोन इमारती कशाला? वर्ग भरणार टेकडीवर, कारण त्यांच्याकडे नवी व्यायामशाळा. आमच्या गल्लीत रडारड झाली. बायकांनी फादरांच्या दारात जाऊन सांगितलं, सिस्टर मेतोदा वर गेली तर आमची पोरं वर जातील, नाहीतर सरकारी शाळा काही लांब नाही. मेतोदाची वर जायला मुळीच हरकत नव्हती. शाळा म्हणजे भिंत नव्हे, पोरं जातील तिथं मी, असं म्हणून तिनं फळे पुसायलाही घेतले.

हरकत होती मदर लॉरेंशियाची. मुख्य मठाची ती प्रमुख. तिनं फोन करून सांगितलं, सत्तरीला टेकलेली सिस्टर रिकाम्या घरात एकटी राहणं आता चालणार नाही. दुसरी सिस्टर सोबत राहायला मिळाली तर ठीक, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत मठात परत ये. आमच्याकडे धाडायला कुणी नाही.

मठात परत म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी तिला एकदा तिथं घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावर आजारी सिस्टरांच्या खोल्या, ब्लँकेटं पायावर, चकचकीत फरशी, आणि दिवसभर जपमाळेची कुजबुज. चांगलीच जागा होती. पण त्या मजल्यावर सहा वर्षांचं एकही पोर नव्हतं. फोन ठेवल्यावर मेतोदा मला म्हणाली, "झुझाना, पहिलीच्या पोरांना र काढायला शिकवलं नाही, तर मी सकाळी उठू कशाला?" बाई उभ्या आयुष्यात माझ्याशी असं बोलली नव्हती. मला तिचा इतका संताप आला, की बाई, अहो आतापर्यंत टेकडीवरच्या त्या एकीशी दोन शब्द बोलला असतात तर! मी तोंडावर बोललेही. ती म्हणाली, आयरिश बायकांच्या घरात कोबीसुद्धा पाण्यात उकडून खातात.

नोराकडे गेले तर तिथंही तेच. कोलंबाच्या संघानंही तीच अट घातली होती, आणि कोलंबा म्हणत होती की स्लोवाक सिस्टरा पोरांना लसूण खाऊ घालून वर्गात बसवतात. आम्ही दोघी नोराच्या स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसलो. मी अक्रोडाचा रोल नेला होता, तिनं मनुकांचा पाव काढला. तो पाव इतका घट्ट की खिडकी फुटली असती. पण मी खाल्ला. ज्याचं त्याचं.

"आपण त्यांना इतके दिवस फिरवलं, हीच चूक झाली," नोरा म्हणाली. "आपण आहोत तोवर त्या कशाला वाकतील?"

"मग काय, मरायचं?"

"नाही गं. संप करायचा. तुझा नवरा खाणीत होता ना? संप कसा करतात ते तुला मी सांगू?"

संधी लवकरच आली. शिक्षण कचेरीनं एका शनिवारी शहरात शिक्षकांची सभा ठेवली. नव्या शाळेत शिकवायचं असेल त्या प्रत्येकानं यायलाच हवं, न येणाऱ्याचं नाव धरणार नाही. शुक्रवारी मेतोदाचा फोन आला, उद्या सकाळी गाडी काढ. मी म्हटलं, जमणार नाही सिस्टर, माझी गाडी बंद पडलीय. ती खरोखरच बंद होती, कारण मी किल्ली फिरवली नव्हती. तिनं विचारलं, "बस आहे का?" मी म्हटलं, आहे, सकाळची, बेकरीसमोरून. वर नोरानंही आपल्या म्हातारीला तेच सांगितलं होतं.

शनिवारी मी आणि नोरा बेकरीच्या खिडकीत, पावांच्या परड्यांमागं उभ्या. समोर बसथांब्यावरच्या बाकाच्या एका टोकाला मेतोदा, दुसऱ्या टोकाला कोलंबा, मधे छत्री. मेतोदा कोळशाच्या डेपोकडे बघतेय, कोलंबा बँकेकडे. दोघीही हिंमत करून गावातल्या गावात या कोपऱ्यापर्यंत एकट्या आल्या होत्या, पण शहर म्हणजे कोपरा नव्हे. बेकरीवाली म्हणाली, तुम्ही काही घेणार आहात का, की चित्रपट बघायला आलात? आम्ही दोन बन घेतले.

बस आली. चालवणारा पॉली बेडनार, आमच्याच शाळेचा. त्यानं दार उघडलं, टोपी काढली आणि वाट बघत बसला. एकही हलेना. एकटीनं बसमधे चढायचं म्हणजे नियम मोडला. दोघींनी चढायचं म्हणजे जोडीनं गेल्यासारखं. पॉलीनं शेवटी दार लावलं आणि बस हलवली. नोरानं माझा दंड इतका दाबला की आठवडाभर निळा होता. पण पॉलीला पुढं जाववेना. दोन सिस्टरांना रस्त्यावर सोडून आला हे आजीला कळलं असतं तर रविवारचं जेवण बंद. बस थोडी पुढं जाऊन थांबली आणि, देवाशप्पथ सांगते, उलटी मागं आली. मागच्या दुधाच्या गाडीनं भोंग्यावर भोंगे मारले.

आम्हाला काचेतून नुसते हात दिसत होते. बोलणं काय झालं ते पॉलीनं नंतर सगळ्या गावाला सांगितलं. कोलंबा बँकेकडेच बघत म्हणाली, सिस्टर या बसनं जाणार आहेत का? मेतोदा म्हणाली, जाणार होते. कोलंबा म्हणाली, मीही होते. मग पॉलीच हात जोडून म्हणाला, "सिस्टर, दोघीही चढा हो. दूध नासतंय."

चढल्या. एक पुढच्या बाकावर, एक तिच्या मागच्या. नोरा म्हणाली, हे तर पोप निवडण्यापेक्षा अवघड होतं.

सभेत काय झालं ते मला मेतोदाकडूनच कळलं, आणि ते सांगताना तिचे गाल लाल झाले होते. पंचविशीतला एक तरुण दिव्याच्या यंत्रानं भिंतीवर चित्रं पाडत होता. त्यानं सांगितलं, यापुढं पोरांकडून पाढे पाठ करून घ्यायचे नाहीत, गणित पोरांनी आपलं आपण शोधून काढायचं. मेतोदा उठून उभी राहिली. तिनं विचारायला तोंड उघडायच्या आत, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक झगा उठलेला तिला दिसला.

"आणि सातसाते एकोणपन्नास शोधून काढायला त्यांना किती वर्षं द्यायची?" कोलंबानं विचारलं.

मेतोदाला ते इतकं आवडलं की तिनं खिशातली टिकटिकी काढली. टक्क. निम्मं सभागृह सिस्टरांनी शिकवलेलं. सगळे उठून उभे राहिले, तो तरुणही.

परतीच्या बसमधे दोघी एकाच बाकावर होत्या. खाली उतरल्या त्या भांडतच. खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा असला तर वजाबाकी कशी करायची, यावर. मेतोदा म्हणते, शेजारच्या घराकडून दहा उसने घ्यायचे, संपलं. कोलंबा म्हणते, वर दहा द्यायचे आणि खाली एक फेडायचा, उसनं घेऊन न फेडणं ही कसली शिकवण? उत्तर दोघींचं एकच यायचं, पण त्याचं कुणाला काय! आम्ही दोघी गाड्या घेऊन थांब्यावर उभ्या होतो, माझी गाडी एव्हाना सुरू झाली होती, पण आमच्याकडे कुणी बघेना. निरोप घेताना कोलंबा म्हणाली, आमच्या घरात खोल्या रिकाम्या आहेत, मी बोलावत नाही, फक्त सांगून ठेवते. मेतोदा म्हणाली, ऐकलं.

जुलैत तिची पेटी मीच वर नेली. एक पेटी, एक क्रूस आणि लसणाची माळ, ती कोलंबाच्या नाकासमोर स्वयंपाकघरात टांगली.

मला वाटलं, सुटले. पण मदर लॉरेंशिया म्हणाली, दुसऱ्या संघाच्या सिस्टरबरोबर राहणं असं कधी झालेलं नाही, मी स्वतः येऊन बघेन आणि मगच ठरवेन. ऑगस्टच्या शेवटी ती आली. आणि नशीब बघा, नेमकं तेव्हाच दोघींचं बिनसलेलं. फळ्यावर कोणत्या पद्धतीची वजाबाकी लिहायची यावरून आदल्या दिवसापासून अबोला. नोरा आणि मी रात्रीपासून विनवतोय, बायांनो, आज एक दिवस गोड बोला, पुढचं वर्ष यावर आहे. दोघी आपापल्या कपात चमचे फिरवत बसलेल्या.

मदर आली ती आखूड झग्यात, पुढचे केस दिसतायत, स्वतः गाडी चालवत. मेतोदानं दार उघडलं आणि मदरच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"मदर, सोबत कोण?"

"कुणी नाही, एकटीच आले."

मेतोदानं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, झालं.

मदर दिसायला साधी पण डोळे तीक्ष्ण. तिनं खोल्या पाहिल्या, प्रार्थनेची जागा पाहिली, लसूणही पाहिला. मग टेबलाशी बसून सरळच विचारलं, तुम्हा दोघींचं पटतं का?

नोरानं मला टेबलाखालून लाथ मारली. मी काय करणार होते? खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता, या दोघींनी उभ्या गावाला खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या होत्या.

"नाही, मदर," मेतोदा म्हणाली.

"अजिबात नाही," कोलंबा म्हणाली. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं एकमत.

मदरनं चहा बाजूला सरकवला. म्हणाली, मग सिस्टर, मी तुम्हाला इथं कशी राहू देऊ? तुमच्यासाठी खोली तयार ठेवलीय. खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसतात.

मेतोदानं चमचा खाली ठेवला. तिची बोटं टेबलावर, खडूनं कायमची पांढरी झालेली. मला वाटलं, आता ही उठणार आणि पेटी भरणार. आज्ञा म्हणजे आज्ञा. पण ती बोलली, हळू, वर्गात बोलायची तशी नाही.

"मदर, मी पन्नास वर्षं सिस्टरांबरोबर राहिले. एका सिस्टरच्या घोरण्यानं मी दहा वर्षं नीट झोपले नाही. एक माझ्या पावावर तिच्या वाटणीचं लोणी मोजून बघायची. त्यातल्या एकीशीही माझं पटलं नाही. सोबत मला पटण्यासाठी दिली होती, असं मला कुणी सांगितलं नाही. सकाळी घंटा झाली की दुसरी उठलीय हे कळावं, म्हणून दिली होती. ही उठते. माझ्या आधी उठते, आणि ते मला ऐकवते."

"उठतेच," कोलंबा म्हणाली. "आणि मदर, सप्टेंबरात पहिलीत चाळीसच्या वर पोरं आहेत, निम्मी यांची, निम्मी आमची. मी दुसरी घेते. पहिली मी घेणार नाही. पहिली कशी घ्यायची ते या गावात एकीलाच येतं."

एवढं बोलून तिनं चमचा फिरवायला घेतला, जणू काही हवापाण्याबद्दल बोलली. नोरानं ॲप्रनला नाक पुसलं. मदरनं दोघींकडे आलटून पालटून पाहिलं. मग म्हणाली, एक वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात मी परत येऊन बघेन. मेतोदानं नुसती मान हलवली आणि उठून भिंतीकडे तोंड करून कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

ती सहा वर्षं राहिली त्या घरात, एकेक वर्ष असं मागून घेत. खालच्या गल्लीतली आणि टेकडीवरची पोरं तिच्याकडे र काढायला शिकली, आणि पुढच्या वर्षी कोलंबाकडे जाऊन वजाबाकी नव्यानं शिकली. अजूनही आमच्याकडच्या दुकानात सुट्टे पैसे परत द्यायला पोरांना अंमळ वेळ लागतो.

पण त्या दिवशी मदर निघायला उठली तेव्हा माझ्या मनात यातलं काही नव्हतं. माझ्या मनात एवढंच, की आता घरी जाऊन बूट काढावेत. मदरनं किल्ली घेतली. मेतोदा दारात आडवी.

"मदर, तीन तासांचा रस्ता आहे. तुम्ही एकट्या जाणार?"

"सिस्टर, मी एकटीच आले होते."

"येताना मला माहीत नव्हतं," मेतोदा म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "झुझाना, कोट घाल."

मी म्हटलं, सिस्टर, बाहेर ऑगस्टचं ऊन आहे. मी म्हटलं, माझं घर उघडं आहे. मी म्हटलं, मठात पोचल्यावर मी परत कशी येऊ? ती म्हणाली, सकाळची बस आहे. मी नोराकडे पाहिलं, तर नोरा खिडकीतून बँकेकडे बघत होती. मदरला हसू आवरत नव्हतं, पण तीही नको म्हणेना. मला वाटतं, तिलाही मेतोदाला नको म्हणून बघायची ताकद एकाच दिवसात दोनदा नव्हती.

बसले. गाव मागं पडलं, खाणीचे ढीग मागं पडले. बऱ्याच वेळानं मदरनं विचारलं, "ती नेहमीच अशी आहे का हो?"

"मदर," मी म्हटलं, "तुम्ही तिला आणखी एक वर्ष दिलंत. मला कुणी विचारलं का?"